डोंगरावरचा मुक्काम

व्याख्यानमालेचा शेवटचा आठवडा आला की सभागृहातील खुर्च्या थोड्या मोकळ्या दिसू लागतात, हा चालकांचा जुना अनुभव आहे. याला आम्ही वक्ते काही अंशी कारणीभूत असू. पण खरे कारण वैशाख. मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात, नळाचे पाणी कोमट येऊ लागते, आणि एकेक कुटुंब वळकट्या बांधून डोंगराची वाट धरते. कोणी महाबळेश्वरला जातो, कोणी माथेरानला. अलीकडे कोणी धरणाच्या काठी तंबूत राहतो, तर कोणी झाडावर बांधलेल्या खोपटात. अशा जागी एका रात्रीचे जे पैसे पडतात ते ऐकले, की खोपटात राहणारा आणि खोपट भाड्याने देणारा यांतला शहाणा कोण, असा प्रश्न माझ्यासारख्याला पडतो. ते असो. माणूस हौसेने डोंगरावर मुक्कामाला केव्हापासून जाऊ लागला, तिथे त्याची सोय कोणी केली, आणि त्या सोयीचा भार कोणाच्या खांद्यावर पडला, याची थोडी हकीकत आपल्यापुढे मांडण्याचा माझा विचार आहे. सह्याद्रीपुरतेच बोलेन, हिमालयाची गोष्ट निराळी आहे.

आपल्याकडे डोंगरातील मुक्कामाची सर्वांत जुनी पक्की घरे म्हणजे लेणी. हा शब्द आपण इतका रुळवला आहे की त्याचा मूळ अर्थ आपल्या ध्यानातच येत नाही. लेणे म्हणजे दागिना, म्हणून डोंगराने ल्यालेले लेणे, असा काव्यमय अर्थ पुष्कळजण लावतात. परंतु प्राकृत शिलालेखांतील ‘लेण’ हा शब्द संस्कृत ‘लयन’ या शब्दावरून आलेला आहे आणि त्याचा अर्थ आश्रयाची, विसाव्याची जागा असा साधा आहे. बौद्ध भिक्षूने वर्षभर फिरत राहावे, पण पावसाळ्याचे तीन महिने एका जागी थांबावे, असा विनयाचा नियम होता. हे भिक्षू पावसातही हिंडतात, कोवळे गवत तुडवतात, बारीकसारीक जिवांना चिरडतात, अशी लोकांची तक्रार आल्यावरून तो नियम झाला, असे विनयग्रंथच सांगतात. हिंडण्यामुळे गवत तुडवले जाते ही तक्रार दोन हजार वर्षांपूर्वी ऐकून घेतली गेली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

या वर्षावासासाठी सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात शेकडो खोल्या खोदल्या गेल्या. एकट्या जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. मुंबईच्या उत्तरेस बोरिवलीजवळच्या रानात कान्हेरीला शंभरावर आहेत. तिथल्या लेखांत त्या डोंगराचे नाव ‘कण्हसेल’ असे येते. कान्हेरीला आपण जातो, मोठे चैत्यगृह पाहतो, बुद्धाच्या उंच मूर्तींपुढे उभे राहतो आणि परत येतो. माझी विनंती अशी की पुढच्या खेपेस मूर्तींइतकेच लक्ष पाण्याकडे द्या. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या अंगणात एका बाजूस खडकात खोदलेले टाके आहे. लेखांत त्याला ‘पोढी’ म्हटले आहे. डोंगराच्या पाठीवर पन्हळी कोरल्या आहेत. वरून येणारे पावसाचे पाणी त्या एका टाक्यातून दुसऱ्यात नेतात. आत निजण्यासाठी दगडी ओटा आहे, बाहेर बसण्यासाठी दगडी बाक आहे, आणि दाराशी पाणी आहे. लेणे कोणी दिले याची नोंद जशी दगडावर केलेली असते, तशीच पोढी कोणी दिली याचीही असते. दात्यांत व्यापारी आहेत, गृहस्थ आहेत, भिक्षुणीही आहेत. कल्याणचे आणि सोपाऱ्याचे लोक त्यांत वारंवार भेटतात.

आता या मुक्कामाचा खर्च कसा चाले, ते पाहू. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा एक लेख आहे. त्याने लेणे खोदवून संघाला अर्पण केले, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे खायचे. हिशेब करून पाहा. दोन हजारांचे व्याज महिन्याला वीस, वर्षाला 240 होते. आणि लेख सांगतो की या लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, द्यावेत. बारा वीसे दोनशे चाळीस. एक कार्षापण उरत नाही की कमी पडत नाही. दुसऱ्या ठेवीचे वर्षाचे नव्वद ‘कुशणमूल’ नावाच्या खर्चासाठी आहेत. त्या शब्दाच्या अर्थावर पंडितांचे एकमत नाही. हा सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवला आणि तिथल्या फलकावर नोंदवला, असेही उषवदात सांगतो. डोंगरावर कोणी राहायचे, किती जणांनी राहायचे, त्यांच्या अंगावरच्या कापडाचे पैसे कुठून यायचे, हे खाली नगरातल्या सभेत सर्वांसमक्ष ठरत होते. आपण आज अशाच एका नगरसभागृहात बसलो आहोत, म्हणून ही हकीकत जरा लांबवून सांगितली.

लेण्यांचा दुसरा प्रकार वाटेवरचा. नाणेघाट आपल्यापैकी तरुणांनी पाहिला असेल. जुन्नरहून कोकणात उतरणारी ही सातवाहनांची घाटवाट. माथ्याशीच एक चौकोनी लेणे आहे, तीन बाजूंनी बसण्यासाठी दगडी कट्टा. त्याच्या भिंतींवर राणी नागनिकेचा मोठा लेख आहे. तिने आणि तिच्या पतीने केलेले यज्ञ, दान दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण यांची यादी त्यात आहे. आपल्या देशातील अंकचिन्हांच्या अगदी जुन्या नमुन्यांत या लेखातील आकड्यांची गणना होते. मागच्या भिंतीवर सिमुक सातवाहन, सातकर्णी, नागनिका यांची आणि राजकुमारांची नावे आहेत. नावांखालचे पुतळे मात्र केव्हाच नाहीसे झाले, त्यांच्या पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या. बाहेर एक दगडी रांजण आहे. त्यात जकात जमा होत असे, असे लोक सांगतात.

या लेण्यात मी एकदा मे महिन्यात रात्र काढली. चौघे मित्र होतो. दिवसा भाजून निघालो होतो आणि रात्री कोकणातून चढणाऱ्या वाऱ्याने कुडकुडलो. नागनिकेच्या यज्ञांची यादी उशाला असूनही झोप अशी लागली नाही. पहाटे एक आजोबा शेळ्या घेऊन आले. जवळच्या खोदीव टाक्यांपैकी कोणते पाणी पिण्याचे आणि कोणते जनावरांचे, हे त्यांनी आम्हांला दाखवले. आम्ही रात्रभर चुकीच्या टाक्याचे पाणी पीत होतो.

मधल्या शतकांत डोंगर मुख्यतः किल्ल्यांचा झाला. तिथे राहणे हौसेचे नव्हते, ती नोकरी होती. तो भाग ओलांडून मी एकदम महाबळेश्वरला येतो.

महाबळेश्वरचा ‘शोध’ 1824 साली लॉडविक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लावला, असे प्रवासी पुस्तकांत छापलेले असते. हा शब्द वाचला की मला हसू येते. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांच्या उगमाचे क्षेत्र म्हणून महाबळेश्वराला शतकानुशतके यात्रा भरत होती. जावळीचे मोरे याच रानाच्या भरवशावर मातले होते. 1656 मध्ये शिवाजीमहाराजांनी जावळी घेतली, आणि 1659 मध्ये अफजलखान याच रानातून प्रतापगडाच्या पायथ्याशी आला. तेव्हा लॉडविकसाहेबांना सापडले ते काय? त्यांना हवा सापडली. खाली पुण्यात आणि साताऱ्यात जे गोरे शिपाई व अधिकारी तापाने आणि उन्हाने आजारी पडत होते, त्यांना साडेचार हजार फुटांवरच्या या पठारावर बरे वाटेल, ही ती कल्पना. साताऱ्याचे रेसिडेंट ब्रिग्ज यांनी ती उचलली आणि छत्रपती प्रतापसिंहमहाराजांकडून रस्ता करवून घेतला. पुढे 1827 मध्ये सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्याने इथे आरोग्यस्थान वसवण्याचे मनावर घेतले. 1829 च्या तहाने महाराजांनी ती जागा इंग्रजांना दिली आणि बदल्यात वाई प्रांतातले खंडाळा गाव घेतले. नव्या वस्तीला नाव पडले माल्कमपेठ.

या देवघेवीनंतर दहाच वर्षांनी, 1839 मध्ये, त्याच प्रतापसिंहांना कंपनी सरकारने गादीवरून काढले आणि काशीला पाठवले. ते तिथेच 1847 साली वारले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी विलायतेत वर्षानुवर्षे खेटे घालत राहिले, ती हकीकत आपणांस ठाऊक आहे. गादीवर बसवलेले त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांनी 1842 मध्ये वेण्णा तलाव बांधवला. आज आपण ज्यात होड्या फिरवतो आणि ज्याच्या काठी मक्याची कणसे खातो, तो हा तलाव वस्तीच्या पाण्यासाठी होता. साताऱ्याचे राज्यच 1848 मध्ये खालसा झाले. छत्रपतींनी करून दिलेला रस्ता, छत्रपतींनी दिलेली जमीन आणि छत्रपतींनी बांधलेला तलाव यांवर माल्कमपेठ उभी राहिली.

आणि हात कोणाचे? 1834 च्या सुमारास इथे एक तुरुंग झाला. मलाक्का, सिंगापूर या बाजूंनी आणलेले चिनी आणि मलायी कैदी त्यात ठेवले होते. संख्या सव्वाशेच्या आसपास. वस्तीतले पुष्कळसे रस्ते या लोकांनी केले. त्यांनी भाज्यांचे आणि बटाट्यांचे मळे फुलवले, वेताचे काम केले. 1864 मध्ये तुरुंग बंद झाला. ज्या रस्त्यांवरून आपण सूर्यास्त पाहायला जातो ते कोणी फोडले हे सांगणारा फलक मला तरी तिथे आढळला नाही. लॉडविकसाहेबांच्या नावे उभारलेला खांब मात्र टोकावर अजून उभा आहे.

इथे एक फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. भिक्षू डोंगरावर राहत तो पावसासाठी, आणि पाऊस संपला की निघत. साहेब राहत तो उन्हासाठी, आणि पाऊस येताच पळत. मुंबईचा गव्हर्नर थंडीत मुंबईस, उन्हाळ्यात महाबळेश्वरास आणि पावसाळ्यात पुण्यास, अशी सरकारची वर्षभराची फेरी ठरून गेली होती. महाबळेश्वरला वर्षाला दोनशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. जूनच्या तोंडावर बंगल्यांना कुलपे पडत आणि भिंतींना गवताच्या झडी बांधल्या जात. मागे राहत ते माळी, चौकीदार आणि आसपासच्या वाड्यांतील धनगर-कुणबी. बारमाही डोंगर त्यांचा. आपला तो दोन महिन्यांचा.

माथेरानची गोष्ट यापुढची आहे. 1850 च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावी तळ देऊन होता. तो समोरचा डोंगर चढून गेला, वरचे दाट रान पाहून हरखला, आणि पुढे तिथे घर बांधून राहिला. माथ्यावरचे रान म्हणून माथेरान, अशी नावाची साधी फोड आहे. त्या रानात तेव्हा ठाकूर, धनगर आणि कातकरी वावरत होतेच, आणि पिसरनाथाचे स्थान हे त्यांचे दैवत. लॉर्ड एल्फिन्स्टन या गव्हर्नराला जागा आवडली आणि माथेरानचे दैव उघडले. तिकडे 1853 मध्ये बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली, तीन वर्षांत ती नेरळवरून पुढे खोपोलीच्या बाजूस गेली. मुंबईकर सकाळी निघून नेरळला उतरू लागला. तिथून वर जायचे म्हणजे तट्टू, पालखी किंवा आपले पाय.

पालखी म्हटली की भोई आले. आपल्या जुन्या प्रवासवर्णनांत घाटातल्या थंडगार हवेचे आणि करवंदांच्या जाळ्यांचे वर्णन असते. भोयांच्या धापेचे क्वचितच असते. हे मी दोष देण्यासाठी म्हणत नाही. वर बसलेल्याला धाप ऐकू येते, पण लिहिताना ती आठवत नाही एवढेच.

हा चढ आगगाडीने जिंकण्याचे काम मुंबईचे सर आदमजी पीरभॉय यांनी अंगावर घेतले. लष्कराला बूट पुरवून त्यांनी संपत्ती मिळवली होती. नेरळला त्यांना एकदा वर जायला वाहन मिळाले नाही, आणि ‘आता आगगाडीनेच येईन’ असे म्हणून ते परतले, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, 1904 ते 1907 या काळात सुमारे सोळा लाख रुपये खर्चून त्यांनी व त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ही दोन फूट रुंदीची लोहवाट पुरी केली. वीसएक किलोमीटरांत गाडी समुद्रसपाटीजवळून अडीच हजार फुटांच्या वर चढते. काही ठिकाणी दर वीस फुटांस एक फूट असा चढ आहे, आणि बोगदा सबंध वाटेत एकच. वळणे इतकी की इंजिनाला आपले शेवटचे डबे दिसतात. 2005 च्या प्रलयी पावसाने ही वाट उखडली, 2007 मध्ये ती पुन्हा सुरू झाली, 2019 मध्ये पुन्हा वाहून गेली. पावसाचे आणि तिचे कधी जमलेच नाही.

माथेरानची खरी प्रतिष्ठा मात्र एका नकारात आहे. तिथे मोटार जात नाही. दस्तुरीच्या नाक्यापाशी ती थांबवावी लागते. पुढे तांबडी माती, घोडे आणि चालणारी माणसे. 2003 मध्ये केंद्र सरकारने माथेरान व आसपासचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला; महाबळेश्वर-पाचगणीबाबत असा निर्णय 2001 मध्येच झाला होता. त्यामुळे झाडे राहिली, शेकरू राहिले, आणि मुंबईपासून एवढ्या जवळ असूनही रात्री काळोख राहिला. याबद्दल आपण आनंद मानतो, मीही मानतो. पण मोटार नाही म्हटल्यावर ज्याला चालवत नाही त्याने काय करावे? त्याने हातरिक्षात बसावे. एक माणूस पुढे ओढतो, एकदोघे मागून ढकलतात, आणि चढावर आपल्याला नेऊन सोडतात. पालखी गेली आणि तिच्या जागी हे आले. आपल्याला मिळणारी शुद्ध हवा अशी दुसऱ्याच्या छातीतून येत होती. विजेच्या रिक्षांचा प्रयोग 2022 च्या अखेरीस सुरू झाला, त्यावर वाद झाले, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही माणसाने माणूस ओढण्याची पद्धत सहा महिन्यांत बंद करावी व ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करावे असा आदेश दिला. ज्यांनी वीस-वीस वर्षे ओढले त्यांच्या हाती नव्या रिक्षांचे परवाने येतात की दुसऱ्याच कोणाच्या, याकडे तिथे जाणाऱ्यांनी लक्ष ठेवले पाहिजे. नुसते रिक्षात बसू नये, एवढे पुरेसे नाही.

पवना धरणाच्या काठी आज तंबूंच्या रांगा लागतात. चांदणे, पाणी, समोर तुंग आणि तिकोना. दृश्य खरोखर सुंदर आहे. त्या पाण्याखाली मावळातल्या शेतकऱ्यांची भातखाचरे आहेत आणि त्यांच्यातल्या अनेकांचे पुनर्वसनाचे भांडण धरणाला पन्नास वर्षे होऊन गेली तरी मिटलेले नाही. तंबूत चहा आणून देणारा मुलगा कोणत्या गावचा, हे एकदा विचारून पाहावे. बहुतेक तो आनंदाने सांगेल, आणि हात करून पाण्यातली जागा दाखवील.

डोंगरावरचा एक मुक्काम मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. 1 डिसेंबर 1912 रोजी माथेरानमध्ये एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. हवा खायला येणाऱ्या साहेबांची आणि शेठजींची दाढी करणे हा त्या घराचा धंदा. मुलगा हुशार निघाला, शिकला, वकील झाला, माथेरानच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष झाला. लोक त्याला भाई म्हणू लागले. आसपासच्या ठाकूर-कातकऱ्यांची आणि कुळांची सावकारीतून सुटका व्हावी म्हणून त्याने धान्याच्या कोठ्या काढल्या, शाळा काढल्या. 1942 च्या चळवळीत त्याने ‘आझाद दस्ता’ उभारला. मुंबईच्या गिरण्यांना वीज नेणारे मनोरे या दस्त्याने पाडले. सरकार मागावर लागले तेव्हा भाई कोतवाल आणि त्यांचे सोबती भीमाशंकराच्या खालच्या अंगाला सिद्धगडच्या रानात जाऊन राहिले. थंडीचे दिवस होते. त्या रानाची प्रत्येक वाट ज्यांना ठाऊक, त्या वाड्यांतल्या लोकांनी त्यांना भाकरी पोचवली.

2 जानेवारी 1943 रोजी पोलिसांनी सिद्धगडच्या रानातला हा तळ गाठला. गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे दोघे पडले. भाईंचे वय तिशीचे होते. दरवर्षी 2 जानेवारीला मुरबाड-कर्जतकडची माणसे सिद्धगडच्या पायथ्याशी जमतात.